चार मिनिटांत बसणारा आजार

आधीच सांगून ठेवते, हे मी शांतपणे सांगणार नाही. शांतपणे बोलायचं रीतसर शिक्षण मी घेतलेलं आहे, त्याची पदवी भिंतीवर टांगलेली आहे, आणि त्याच शांतपणाने मी एका माणसाचं वाटोळं करत आणलं होतं.

मी शलाका भोसेकर. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात एकोणीस वर्षं चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे, निदान हे घडलं तेव्हा होते. आमच्याकडे दर मंगळवारी बोर्ड बसायचं. कामावरची जी माणसं म्हणायची की मनाच्या आजारामुळे नेहमीचं काम झेपत नाही, हलकं काम द्या, त्यांचा आजार खरा की बनावट हे बोर्डाने ठरवायचं. कागदावर तीन सह्या लागायच्या. अध्यक्ष डॉ. पद्माकर शेजवळ यांची, माझी, आणि तो माणूस जिथे नोकरीला असेल तिथल्या अधिकाऱ्याची. मंगळवारी चाळीस-चाळीस माणसं यायची, म्हणजे एकेकाच्या वाट्याला चार मिनिटं. दुपारी दोनला हॉल दंतवैद्यकीय शिबिराला द्यावा लागायचा, त्यामुळे पाचवं मिनिट नव्हतंच.

खोटा आजार घेऊन येणारे नसतात असं मी म्हणणार नाही. भरपूर असतात. त्यांना ओळखणं हे माझं काम होतं आणि मी त्यात चांगली होते. खरा आजारी माणूस आजार झाकतो, ढोंगी तो मिरवतो. ज्याला खरोखर आवाज ऐकू येतात तो तिसऱ्या भेटीपर्यंत त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. ढोंगी खुर्ची ओढायच्या आधी सांगून मोकळा होतो. आम्ही मुद्दाम अशक्य लक्षणं विचारायचो. ‘आवाज फक्त दुपारी आणि फक्त डाव्याच कानात येतात का?’ ढोंगी लगेच म्हणायचा, ‘हो हो, डाव्याच!’ बदली रद्द करून हवी असलेल्या एका लिपिकाने तर मला सगळी माणसं पिवळी दिसतात असं सांगितलं होतं. मी विचारलं, मी कशी दिसते? म्हणाला, तुम्ही जरा कमी पिवळ्या आहात. हसू आलं, पण रागही आला. हलक्या कामाच्या जागा मोजक्याच असतात. असा एक जण तिथे बसला की एक खरा आजारी बाहेर राहतो.

खऱ्या आजाऱ्यांची अडचण वेगळी होती. त्यांना सांगताच यायचं नाही. रडायचे, भरकटायचे, कुठल्या कुठे जायचे, आणि मुद्द्यावर येईपर्यंत चार मिनिटं संपायची. डॉ. शेजवळ घड्याळाकडे बघून ‘पुराव्याअभावी नामंजूर’ लिहायचे. मला ते बघवेना. म्हणून मी सोमवारी दुपारी ओपीडीच्या व्हरांड्यात तालीम घ्यायला लागले. पुढच्या आठवड्यात ज्यांचं बोर्ड आहे त्यांना बसवायचं, चहा द्यायचा आणि प्रत्येकाचं दुखणं चार मिनिटांत बसवून द्यायचं. क्रम ठरलेला. कधीपासून, काय होतं, झोप, जेवण, काम का जमत नाही. कागदावर लिहून द्यायचे आणि सांगायचे, ‘घरी दोन-चारदा म्हणून बघा, म्हणजे बोर्डापुढे अडखळणार नाही.’ नामंजुरी निम्म्यावर आली. मला वाटायचं, या इमारतीत माणसांसारखं वागणारी मी एकटीच आहे.

मग ‘पारख’ आलं. ते आणावं म्हणून भांडणारीही मीच होते.

पारख म्हणजे पांढऱ्या हेल्मेटसारखी टोपी. मेंदूत सतत बारीक बारीक वीज खेळत असते, आणि वीज आली की चुंबकीय क्षेत्र आलं. टोपीतले दोनशे संवेदक ते क्षेत्र कवटीबाहेरून मोजतात. त्यामागचा विचार सोपा आणि खरं तर सुंदर होता. स्वतःवर गुदरलेली गोष्ट माणूस सांगतो तेव्हा मेंदू ती कपाटातून काढून देत नाही, दर वेळी नव्याने जुळवतो. वास, रंग, कोण कुठे उभं होतं, सगळं वेगवेगळ्या कोपऱ्यांतून गोळा करावं लागतं, त्यामुळे मेंदूभर धावपळ दिसते. पाठ केलेलं म्हणताना ही धावपळ नसते. पाढे म्हणताना जे भाग जागे होतात तेवढेच जागे होतात. ढोंगी माणूस आजार पाठ करून येतो. मग धावपळ दिसली की हिरवा दिवा, पाठांतर दिसलं की लाल, आणि शेजारी यंत्राला शंभरात किती खात्री आहे त्याचा आकडा. यंत्र बनवणाऱ्या कंपनीने नऊशे लोकांवर चाचण्या केल्या होत्या. चारशे-साडेचारशे विद्यार्थ्यांना खोट्या आजाराची संहिता देऊन पाठ करायला लावली, आणि तेवढेच खरे रुग्ण इस्पितळात दाखल झाल्याच्या पहिल्याच दिवशी तपासले. शंभरात चौऱ्याण्णव वेळा यंत्र बरोबर निघालं. मी तो अहवाल दोनदा वाचला आणि शिफारस लिहिली. बोर्डाने नियम केला की लाल दिवा म्हणजे बनावट, त्यावर चर्चा नाही. अपिलात एकदाच फेरतपासणी.

बिरुदेव मदने आमच्याकडे आला तो यानंतर दीड वर्षाने.

बिरुदेव वीज कंपनीत वायरमन. वय एकेचाळीस, त्यातली वीस वर्षं खांबावर गेलेली. आता तारांवर नजर ठेवायला ड्रोन आहेत, पण तुटलेला जंपर, म्हणजे दोन तारा जोडणारा तुकडा, बांधायला अजून माणूसच वर जातो. बनेवाडीच्या फाट्यावर त्याचा जोडीदार इक्बाल मुजावर असाच वर गेला होता. लाइन बंद केल्याचं परमिट हातात होतं. बिरुदेव खाली उभा होता. आणि सबस्टेशनमध्ये पाळी बदलली, नव्या ऑपरेटरने वही न बघता फीडर चालू केला, त्या लाइनमध्ये वीज सोडली. इक्बाल बेल्टला लटकून राहिला. लाइन पुन्हा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत बिरुदेवला त्याला हात लावता येत नव्हता. अकरा मिनिटं तो खालून वर बघत उभा होता.

मी त्याला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पन्नास मिनिटं लागली. सुरुवात त्याने इक्बालच्या डब्यापासून केली.

“मटकी हुती मॅडम. त्येच्या घरची मटकी लई झकास. मला म्हनला, मी खाली आल्यावर खाऊ, तू आधी उघडू नगंस. आन् मी उघडला हुता. एक घास खाल्ला हुता. त्यो वर चढंस्तोवर. तोंडात घास तसाच...”

तिथून तो इक्बालच्या मुलीच्या साखरपुड्यावर गेला, मग चौकशी समितीवर, मग पुन्हा मटकीवर. आता बंद तारेखाली उभं राहिलं तरी त्याला गुणगुण ऐकू येत होती. खांबाच्या तिसऱ्या पायरीला हाताची बोटं बधिर व्हायची, पकड सुटायची. त्याला तक्रार खिडकीवर काम हवं होतं, एवढंच. आजार खरा होता. मला तीळमात्र शंका नव्हती.

आणि मी काय म्हटलं? मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून शांतपणे म्हटलं, “मदने, डब्याचं नको. डबा काढून टाका. बोर्डाला तारीख लागते, लक्षणं लागतात. मी लिहून देते तसं म्हणा.”

त्याने मान हलवली. शहाण्या मुलासारखा कागद घडी करून खिशात ठेवला.

पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी तो खुर्चीत बसला. टोपी मीच चढवली. वीज कंपनीकडून नितीश कुलथे नावाचे अधिकारी आले होते, तिशीतले, इस्त्रीचे, हातात आधीपासून पेन. डॉ. शेजवळ म्हणाले, “सांगा मदने.”

बिरुदेवने सांगितलं. एकही अडखळ नाही. “दिनांक नऊ फेब्रुवारीपासून मला बंद वाहिनीतून आवाज ऐकू येतात. उंचीवर गेल्यास हात बधिर होतात. झोप तीन तास लागते. जेवण कमी झाले आहे. त्यामुळे मी खांबावरील काम करण्यास असमर्थ आहे.” मधले तपशील धरून तीन मिनिटं चाळीस सेकंद. मी मनातल्या मनात त्याला शाबासकी दिली.

लाल दिवा लागला. आकडा एक्क्याण्णव.

कुलथे म्हणाले, “संपलं की मग.”

“सर,” मी डॉ. शेजवळांना म्हटलं, “मी या माणसाला स्वतः तपासलंय.”

“आणि यंत्र तूच आणलंयस, शलाका.” शेजवळ चष्मा पुसत होते. निवृत्तीला सात महिने राहिले होते त्यांचे. “प्रत्येक वेळी आपल्या आवडीच्या माणसासाठी नियम वाकवायचा तर टोपी कशाला घेतली? सही कर.”

मी सही केली. हो, केली. लाल दिव्यापुढे मलाच वाटलं, कदाचित मी फसले असेन. एकोणीस वर्षांचा अनुभव एका दिव्यापुढे गुंडाळून ठेवला. याचा मला जितका संताप येतो तितका कुलथेंचा येत नाही. ते तर कंपनीचंच मीठ खात होते.

बिरुदेव खुर्चीतून उठला आणि त्याने विचारलं, “म्हंजी मी ढोंगी?” पुढच्या माणसाचं नाव पुकारलं गेलं.

आठ दिवसांनी त्याची बायको सारिका आली. ओपीडी भरलेली होती, तरी ती रांग मोडून सरळ माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. गावात बातमी पसरली होती. सेक्शन ऑफिसात त्याला ‘ॲक्टर’ म्हणायला लागले होते. युनियनने हात वर केले होते. पंधरा दिवसांत कामावर रुजू व्हा, खांबावर चढा, नाहीतर बडतर्फ, अशी नोटीस आली होती.

“घरातला बल्ब गेला तर मी स्टुलावर चढते,” ती म्हणाली. “त्यांना स्टुलावर पण चढवत न्हाई. आन् तुम्ही म्हणता ढोंग?”

“सारिकाताई, बसा. मी म्हणत नाही, यंत्र...”

“बसाया न्हाई आले मी! यंत्राला काय कळतंय? तुमी सांगितलं तसंच बोलले ना ते? एक शब्द इकडचा तिकडं झाला का सांगा. मी घेतलंय त्यांच्याकडनं पाठ करून. सहा दिवस. सकाळी चुलीपुढं आन् जेवल्यावर. कागद माझ्या हातात, आन् ते समोर बसून म्हणायचे, पोरं कविता म्हणत्यात तसं. चुकलं की पुन्हा पहिल्यापासनं. सुरवातीला रडायचे, म्हणता म्हणता थांबायचे. मीच म्हनलं, रडू नगा, चार मिनिटांत बसायचं न्हाई. तवा कुठं जमलं.”

मी हातातला केसपेपर खाली ठेवला.

पोरं कविता म्हणतात तसं. सोमवारी मी माणसांकडून त्यांचं दुःख पाठ करून घेत होते आणि मंगळवारी पाठांतर पकडणारी टोपी त्यांच्याच डोक्यावर चढवत होते. दीड वर्ष! याच दोन हातांनी! शिकलेली बाई मी, तो अहवाल दोनदा वाचलेली, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. करायला गेले गणपती आणि झाला मारुती म्हणतात, पण इथे मारुतीसुद्धा झाला नव्हता. इथे मी आजाऱ्यांना घासूनपुसून ढोंगी बनवत होते.

त्या दिवशी मी ओपीडी अर्धी सोडली आणि फायली काढल्या. पारख आल्यापासून एकतीस लाल शेरे. सोमवारच्या बैठकांची हजेरीवही असते, सरकारी काम आहे, सह्या घ्याव्या लागतात. ताडून बघितलं. एकतीसपैकी सव्वीस जणांच्या सह्या माझ्या वहीत होत्या. तालमीला येणारे बाकीचे कागद नुसता वाचून येत असणार; इमानदारीने घोकणारे हे सव्वीस. आणि जे अजिबात तालमीला येत नव्हते, वकिलाने सांगितलेलं अर्धवट ऐकून आयत्या वेळी काहीबाही रचत होते, त्यातले कितीतरी हिरवे होऊन सुटले होते. रचायलासुद्धा मेंदूला धावपळ करावी लागते ना.

यंत्राच्या कंपनीला फोन लावला. तिथल्या तंत्रज्ञाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मॅडम, माहितीपुस्तिकेत आहे की. पान एकशे बारा. तपासणीपूर्वी व्यक्तीने आपली हकिकत वारंवार सांगितलेली नसावी.”

“अहो, पण आमच्यापर्यंत पोचेस्तोवर माणसाने ती वीस ठिकाणी सांगितलेली असते! साहेबाला, पोलिसाला, चौकशीला, युनियनला. कोणी पहिल्यांदा सांगायला थेट बोर्डात येतं का?”

“मग ते वापरणाऱ्याच्या चुकीत येतं, मॅडम.”

फोन आपटायची सोय आता राहिलेली नाही, नाहीतर आपटला असता.

बिरुदेवचं अपील मी स्वतः भरलं. फेरतपासणीच्या आदल्या दिवशी त्याला फोन करून सांगितलं, “काही पाठ करू नका. कागद फाडून टाका. जसं आठवेल तसं बोला, मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं तसं. रडू आलं तर रडा.” तो फक्त “बरं” म्हणाला. मी स्वतःवर खूश झाले. बघा माझी खोड! पुन्हा एकदा त्याने काय बोलायचं ते मीच ठरवून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी बोर्डापुढे बिरुदेव दाढी करून, कंपनीचा गणवेश घालून आला. सारिका बाहेर बाकावर बसली. कुलथे होतेच. मी टोपी चढवली.

“मी बरा हाय, साहेब,” बिरुदेव म्हणाला.

डॉ. शेजवळांनी मान वर केली.

“आता काय न्हाई हुत मला. परवा रानाकडंच्या खांबावर चढून बघितलं. सकाळची येळ, लोखंड गार पडलेलं, दवानं पाय घसरत हुता, म्हणून चपला काढून चढलो. वर कावळ्याचं घरटं, त्यात तारेचे तुकडे. त्येला धक्का न लावता बेल्ट आवळला. वरनं आमचं रान दिसतंय, पलीकडं तलाव. वाऱ्यानं खांब जरा हालतो, ते बरं वाटतं. हात अजाबात बधिर झालं न्हाई. सोमवारपासनं मी येतो कामावर.”

हिरवा दिवा. आकडा सत्त्याण्णव. एवढा स्वच्छ हिरवा मी दीड वर्षात पाहिला नव्हता.

आणि ते खोटं होतं. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. व्होल्टेज स्टॅबिलायझरने कोपऱ्यात गुणगुण केली तेव्हा त्याची मान बुजलेल्या बैलासारखी झटक्यात वळली होती. मग यंत्र का फसलं? फसलं नव्हतंच. वीस वर्षांत बिरुदेव हजारो खांबांवर चढला होता. दव खरं होतं, घरटं खरं होतं, वाऱ्याने हलणारा खांब खरा होता, कुठल्यातरी जुन्या, चांगल्या सकाळचा. ते सगळं त्याने जन्मात कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. त्याचा मेंदू ते पहिल्यांदाच गोळा करत होता, आणि यंत्राला तेवढंच कळत होतं. शिवाय कोणी बरं असल्याचं सोंग करत असेल, हा प्रश्न यंत्र बनवणाऱ्यांना पडलाच नव्हता. असं सोंग कोणाला महागात पडतं? कंपनीला तर नाही.

कुलथेंनी कागद पुढे केला. “अभिनंदन मदने. फिट. तीन सह्या झाल्या की झालं.”

“मदने,” मी म्हटलं, “हे खोटं का बोललात?”

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. राग होता डोळ्यांत, साधा स्वच्छ राग.

“तुमी बसवून दिलेलं खरं बोललो, तर ढोंगी झालो. पोरांच्या शाळंत, पानाच्या टपरीवर, सासुरवाडीला, सगळीकडं. आता माझं माझं बोललो तर खरा ठरलो. मॅडम, सही करा. म्या वर जाऊन मरंन न्हाईतर जगंन. ढोंगी म्हणून घरी न्हाई बसायचा.”

सही केली तर सोमवारी हा माणूस अकरा हजार व्होल्टच्या तारेखाली बधिर बोटांनी लटकणार होता. सही नाही केली तर पंधरवडा संपला की बडतर्फ, आणि कपाळावर ढोंगीचा शिक्का कायमचा. मी पेन उचललं नाही. पिशवीतून हजेरीवही काढली आणि एक लिहिलेला कागद.

“सर, आधी माझा जबाब नोंदवा. सव्वीस जणांचे लाल शेरे माझ्यामुळे आलेत. मी त्यांच्याकडून हकिकती पाठ करून घेतल्या होत्या. यंत्र आजार ओळखत नाही, पाठांतर ओळखतं. तारखा आणि सह्या या वहीत आहेत.”

डॉ. शेजवळांनी वहीची पानं उलटली. चेहरा उतरत गेला. प्रत्येक पानावर खाली त्यांचीच प्रतिस्वाक्षरी होती, न वाचता ठोकलेली.

कुलथे हसले. “मॅडम, माणसाला वाचवायला तुम्ही वाटेल ते सांगाल. नियम सगळ्यांना सारखा. बसा खुर्चीत, घाला टोपी. खरं असेल तर हिरवा येईल.”

मला हेच हवं होतं. “मदने, उठा,” मी म्हटलं, “सर, बटण तुम्ही दाबा.”

टोपी घातली आणि बोलायला लागले. सोमवारची तालीम कधी सुरू केली, कोणाला काय लिहून दिलं, किती जण आले, किती लाल झाले. सव्वीस नावं, वहीतल्या क्रमाने, श्वास न घेता. चार मिनिटांच्या आत.

लाल दिवा लागला. शहाण्णव.

“बघा!” कुलथे म्हणाले. “बाई खोटं बोलतायत.”

“मी हे तीन दिवस पाठ करतेय,” मी म्हटलं. शांतपणा कुठल्या कुठे गेला होता, आवाज हॉलबाहेर जात होता आणि जाऊ दे म्हटलं. “स्वयंपाक करताना, आंघोळ करताना, मुद्दाम, घोकून घोकून. आता वही उघडा आणि त्यातलं एक तरी नाव खोटं आहे का बघा! बोला ना! सव्वीस सह्या खोट्या, का हा दिवा खोटा?”

कुलथेंनी वहीला हात लावला नाही. तेवढं पुरलं. मग ते म्हणाले, “तरी मदनेंचा आजचा हिरवा शिल्लक राहतो. तो कंपनीला मान्य आहे. आणि मॅडम, पाठ करून घेतल्याबद्दल कारवाई तुमच्यावर होईल, एवढं लक्षात ठेवा.”

“होऊ दे. व्हायलाच हवी.”

डॉ. शेजवळ उठले. कोपऱ्यात जाऊन त्यांनी यंत्राचा प्लग उपसला. स्टॅबिलायझरही बंद झाला आणि खोलीतली गुणगुण थांबली. बिरुदेवचे खांदे खाली आले, हे त्यांनी पाहिलं. मीही पाहिलं. इतकी वर्षं त्या खोलीत कोणी माणसाकडे बघतच नव्हतं, दिव्याकडेच बघत होतं.

ते परत येऊन बसले, कोरा कागद ओढला, चष्मा लावला. घड्याळाकडे बघितलं नाही.

“मदने,” ते म्हणाले, “बसा. आणि आता मला...”

बिरुदेव उभाच राहिला. “साहेब, कितव्यांदा सांगू? न्हाई सांगवत आता. काय बी करा, पन पुन्हा सांगाया लावू नगा.”

डॉ. शेजवळांनी त्याच्याकडे बघितलं. मग त्यांनी खाली मान घातली आणि ते लिहायला लागले.

“नका सांगू,” ते म्हणाले.

त्यांनी खांबावरचं काम कायमचं बंद, तक्रार खिडकीवर नेमणूक, असं लिहिलं, सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी सही केली. तिसऱ्या सहीची जागा मोकळी राहिली; दोन सह्यांचा कागद वर टिकेल की नाही, ते पुढे ठरणार होतं. कुलथेंनी विचारलं, हे कोणत्या पुराव्यावर? डॉ. शेजवळ म्हणाले, “माझ्या. तुम्हाला नसेल पटत तर वर जा, कोर्टात जा. मी तिथे येऊन हेच सांगेन.”

बिरुदेवने तो कागद घेतला, वाचला, आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेला. बरोबरच केलं त्याने.